अण्णाजींचे मोकळे कुत्रे

स्वराज्य आलं, पण सरकार काही गेलं नाही, याचा सगळ्यात जास्त राग नालवाडीत कोणाला आला असेल तर तो अण्णाजींना. चरखे दुरुस्त करणारा हा एकटा जीव. माणसानं माणसावर हुकूम चालवू नये, कुणी कुणाला बांधू नये, फुकटचं खाऊही घालू नये, कारण आयतं खाणारा गुलाम होतो, असं ते भेटेल त्याला ऐकवत. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांच्यावर हुकूम चालवायला घरात कुणी आलंच नव्हतं, हे मात्र ते सांगत नसत.

त्यांच्या अंगणात तीन कुत्रे होते. पट्टा नाही, साखळी नाही. नावंसुद्धा नाहीत, कारण नाव ठेवणं म्हणजे मालकी. त्यातल्या तांबड्याला ते आतल्या खोलीत, दार लोटून, हळूच वाघ्या म्हणत. तेवढं एक पाप होतं. शिळंपाकं उरलं तर ठीक, नाहीतर ज्यानं त्यानं आपलं पोट पाहावं. उपाशी कुत्रे येणाऱ्याजाणाऱ्यावर तुटून पडत. सकाळी सगळी वस्ती एकत्र कातायला बसे तेव्हा तासभर मौन असे, आणि त्या तासात नालवाडीत हे तीनच जीव बोलत.

शेजारच्या मनकर्णाबाईंची लेक बाळंतपणाला आली होती. तान्हं दुपारी डोळा लावी न लावी तोच भुंकणं सुरू. बाई दोनदा हात जोडून आल्या, निदान दुपारचे तरी बांधा म्हणाल्या. अण्णाजींनी त्यांना पाऊण तास स्वातंत्र्य समजावलं. शेवटी बाईंनी वस्तीच्या सभेत विषय काढला. तिथला रिवाज असा की ठराव सगळ्यांच्या संमतीनंच व्हायचा. एकानंही नाही म्हटलं की संपलं. हा रिवाज अण्णाजींनीच हट्टानं आणला होता. सगळे हो म्हणाले. अण्णाजी उभे राहिले आणि आपल्या खास पुस्तकी मराठीत बोलले, "नाही. मोकळ्याला बांधायचं नाही. त्याला वाटेल तिथे तो राहील."

मनकर्णाबाईंनी यावर वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या दोन्ही वेळा आपल्या ओट्यावर तीन भाकरी टाकू लागल्या. आठ दिवसांत कुत्रे तिकडेच राहायला गेले. पोट भरल्यावर त्यांचं जगाशी भांडण उरलं नाही. दारावरून टांगा गेला तरी एखादा कान हलवीत. बाळ झोपू लागलं. आता कुत्रे एकाच माणसावर भुंकत, अण्णाजींवर, आणि त्यात तांबडा सगळ्यात पुढे असे.

हे त्यांना फार लागलं. दार लोटून हाक मारायची, तर आत कुणी नव्हतं. चरख्याची चाती सरळ करता करता ते मध्येच थांबत आणि ओट्याकडे बघत बसत. मग, लाज कुठं ठेवली होती कोण जाणे, त्यांनीच सभा बोलावली. कुत्रे ज्याचे त्याच्या अंगणात बांधावेत, असा ठराव मांडला. बोलताना त्यांचेच कान तापले. लोकांना हसू आवरेना, पण सगळे हो म्हणाले. मनकर्णाबाईंनी मांडीवरच्या नातवाला थोपटलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "मोकळ्याले बांधाचं नाई, असं तुमीच त म्हटलं होतं. त्याइले वाटन तिथं राह्यतीन."

ठराव पडला. पाऊण तास समजावलेलं बाईंना इतकं नीट समजलं असेल, असं अण्णाजींना वाटलं नव्हतं. इतका चांगला शिष्य त्यांना जन्मात मिळाला नव्हता. उठताना बाई जवळ आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "भाकर टाकून पाहाजा, अण्णाजी. कोण नाई म्हणून राह्यलं?"

अण्णाजी घरी आले आणि कुत्र्यासाठी पहिल्यांदाच भाकर थापली. एक बाजू करपली, दुसरी कच्ची राहिली. ती घेऊन ते पायरीवर बसले आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "वाघ्या!"

तांबडा उठला. भुंकला नाही. जवळ येऊन त्यानं हात हुंगला, शेपटी हलवली, आणि अण्णाजींचा ऊर भरून आला. मग त्यानं भाकर तोंडात धरली आणि सावकाश बाईंच्या ओट्यावर परत जाऊन तिथं बसून खाल्ली.

निर्णय अगदी स्वतंत्र होता. कुणाची जबरदस्ती नव्हती, कुणाचा हुकूम नव्हता. अण्णाजींना तो मुळीच आवडला नाही. ते आत गेले आणि संध्याकाळच्या भाकरीसाठी पुन्हा पीठ मळायला बसले.