करड्या शर्टांचा फोटो

त्या दोघी बहिणी नव्हत्या, पण गिऱ्हाइकं त्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायची. थोरली इथलीच. धाकटी लग्नानंतर नवऱ्याबरोबर परमुलखातून आलेली. तिला भाषाही धड येत नव्हती तेव्हा थोरलीने आपल्या शिवणाच्या दुकानात तिला मशीन दिलं. पुढे नवरा वारला, तेव्हाही थोरलीनेच सगळं निभावून नेलं. अठरा वर्षं थोरली कापड बेतत होती आणि धाकटी शिवत होती.

त्या शनिवारी धाकटीची लेक तिला वाचनालयातल्या छायाचित्रांच्या प्रदर्शनाला ओढत घेऊन गेली. एक फोटो निवडून त्यात काय दिसतं ते लिहून आणा, असं शाळेने सांगितलं होतं. लेकीने भिंतभर मोठा केलेला फोटो निवडला. मैदानात चाळीसेक माणसं ओळीने उभी होती. सगळ्यांचे शर्ट करडे, नाकापर्यंत काळे रुमाल. हातातल्या फलकांवर लिहिलं होतं, 'परक्यांनो, चालते व्हा'.

"तोंडं लपवलीत म्हणजे यांना लाज वाटत असणार," लेक म्हणाली. "तसं लिहू?"

धाकटीचं लक्ष शर्टांकडे होतं. खिशांचे फ्लॅप एका अंगाला तिरके उतरत होते. ते तिनेच शिवले होते, गेल्या हिवाळ्यात, चाळीसच्या चाळीस. डोंगर चढणाऱ्यांचा क्लब आहे, असं थोरली म्हणाली होती.

तिलाही फसवलं असेल, असं धाकटीने मनाशी म्हणून पाहिलं. मग उजवीकडून तिसऱ्या माणसावर तिची नजर अडकली. डावा खांदा बोटभर उतरलेला, आणि तो झाकायला शर्टाला तिथे मागाहून हातशिलाईने चिमटा घातलेला. थोरलीचा तो खांदा लहानपणी मोडला होता आणि नीट बसलाच नव्हता. तिचे सगळे कपडे धाकटीच शिवायची. रुमालाच्या वरचे डोळे तिने त्यानंतर पाहिले.

"आई, एवढं काय बघतेस?"

"शिलाई," ती म्हणाली.

सोमवारी ती दुकानात गेली तेव्हा थोरली टेबलावर अस्तर कापत होती. धाकटीने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"ताई, वाचनालयात तुझा फोटो लागलाय."

थोरलीची कात्री थांबली नाही. कापडाच्या टोकापर्यंत गेली, मग तिने ती खाली ठेवली.

"तुझ्याबद्दल नाही गं ते. तुझी गोष्ट वेगळी."

"फलकावर तसं लिहिलं नव्हतं."

"उगाच मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या पोरीला ताप होता तेव्हा आठवडाभर उशाशी कोण बसलं होतं?"

"तूच बसली होतीस. म्हणून तर विचारायला आले."

थोरली कापलेल्या अस्तराची घडी घालू लागली. धाकटीला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, निदान रडेल तरी.

"ते शर्ट मला का शिवायला लावलेस?"

"मग कुणाला सांगणार?" थोरली अगदी साधेपणाने म्हणाली. "तुझ्यासारखा सफाईचा हात आहे का कुणाचा?"

हे ती कौतुकानेच म्हणाली होती. धाकटीला तेच सहन झालं नाही.

एका गिऱ्हाइकाचा कोट अर्धा झाला होता. त्या बाईंचा यात काही दोष नव्हता, म्हणून धाकटीने बसून तो पुरा केला, काजं केली, बटणं लावली. दुपारी तिने आपली कात्री आणि टेप घेतला आणि निघाली. थोरली दारापर्यंत आली. "उद्या येशील ना?" तिने विचारलं. धाकटी चालत राहिली.

आता ती घरीच, पुढच्या खोलीत शिवते. जुनं मशीन मिळालं, कामही येतं. मागच्या आठवड्यात गाणं शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांच्या शिकवणीतल्या मुलींना समारंभासाठी बारा सारखे झगे हवे होते. धाकटीने विचारलं, कसला समारंभ, कुठे आहे, कोण कोण येणार, गाणी कसली म्हणणार. बाई आधी हसून उत्तरं देत होत्या, मग त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्हाला शिवायचं नसेल तर तसं सांगा," त्या म्हणाल्या आणि कापड उचलून गेल्या.

बाई भल्या होत्या, हे धाकटीला त्या बोलत असतानाच कळत होतं. तरी तिला विचारल्याशिवाय राहवलं नव्हतं.