आप्पांना सांगायचं नव्हतं

सेवेइतकं उदात्त या जगात दुसरं काही नाही, हे वसुधाला लहानपणापासून पटलेलं होतं. त्यामुळे काचेपलीकडच्या, सरावासाठी ठेवलेल्या रबरी म्हाताऱ्याच्या नाकातून लोंबणाऱ्या नळीचं ते टोक — निळ्या चिकटपट्टीचा एवढासा तुकडा, त्याला चिकटलेला कुणाचा तरी केस — पाहून तिला किळस आली, हे तिला जरा अन्यायाचंच वाटलं. म्हाताऱ्याला पाय नव्हते. म्हणजे होते, पण काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवलेले, बहुधा दुसऱ्या कुठल्या वर्गाला लागणार असतील... तोंड मात्र उघडं, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखं. नर्सिंग कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये तिला बसायला सांगितलं होतं ते नेमकं याच्यासमोर. तिने नजर मांडीवरच्या फायलींकडे वळवली. मुलाखतीला कागदपत्रं आणायची गरज नाही, असं ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. म्हणूनच तिने दोन फायली आणल्या होत्या.

पुण्याची मायक्रोबायॉलॉजीतली बीएस्सी, वय चव्वेचाळीस, आणि नवऱ्याच्या, यतीनच्या, नोकरीमागोमाग डीमन या डच गावात येऊन आता इतकी वर्षं झालेली, की पहिल्या व्हिसावरचा 'डिपेंडंट' हा शब्द कागदावरून कधीच गेला होता, अंगावरून तेवढा जायचा होता. आधीची कुठलीतरी पदवी असलेल्यांना निम्म्या वेळात नर्सिंगची पदवी देणारा हा वर्ग. यंदा शेवटचा, पुढच्या वर्षीपासून कॉलेज तो बंद करणार होतं. डच भाषेची परीक्षा तिने तिसऱ्या खेपेला पास केली ती त्याच्यासाठी. आज जमलं तर जमलं, नाहीतर गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेणारी वसुधा वर्षभर काय करते, या प्रश्नाला पुन्हा उत्तर नाही... तसा तो प्रश्न कुणी विचारत नव्हतंच. तीच अधूनमधून स्वतःला विचारायची, आणि स्वतःच विषय बदलायची.

यतीनने विरोध केला नव्हता. त्याने एक्सेल शीट करून दिली होती. इथल्या मराठी मंडळातली वीणा मात्र म्हणाली होती, अगं डेटामधलं काहीतरी कर ना घरबसल्या, नर्सिंग कशाला — आणि 'नर्सिंग' म्हणताना तिचा आवाज असा खाली गेला होता, जसा आपल्याकडे कॅन्सर म्हणताना जातो. आणि अवनी. मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला दुसऱ्याच भाषेत उत्तर देणारी चौदा वर्षांची ही मुलगी आईचं अर्जासोबतचं पत्र तपासायला बसली, आणि त्यातलं 'सेवा', 'पुण्य', 'आयुष्याचं सार्थक' असं एकेक उडवत गेली. "दे डोन्ट लाइक ड्रामा, आई. जस्ट से व्हॉट यू डिड."

व्हॉट यू डिड. ते तर तयारच होतं. हुकमाचं पान होतं ते.

आत दोघं होती, मार्लूस आणि योस्ट. आडनावं इथे कुणी सांगत नाही. मार्लूस पन्नाशीची, नर्सिंग शिकवणारी. योस्ट तिच्यापेक्षा लहान, पेन हातात. कुणाची काळजी घेतली असेल असा एखादा अनुभव सांग, असं मार्लूसने विचारलं, आणि वसुधाला वाटलं, चला, पेपर फुटला.

मग तिने आप्पा सांगितले. आप्पा म्हणजे यतीनचे वडील, सांगलीच्या तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, हातात येईल ते वाचणारे — भेळेचा कागद, औषधाच्या खोक्यातली घडी, बसच्या तिकिटाची मागची बाजू. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा ती लहानग्या अवनीला घेऊन पाच महिने सांगलीत राहिली होती. अंग पुसणं, कूस बदलणं, नखं काढणं, चमच्या-चमच्याने पेज... हे सगळं तिने सरळ, ड्रामा न करता सांगितलं. आणि मग कळस चढवला. यतीनच्या थोरल्या भावाने, रवींद्रभावजींनी, पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात सगळ्यांना बजावलं होतं, की आप्पांना सांगायचं नाही. कॅन्सरचा अल्सर झाला. केमोचं ताकदीचं सलाइन झालं. केस गळले, तर सलाइन उष्ण पडतं. रिपोर्ट भावजींच्या स्कूटरच्या डिकीत. डॉक्टरसुद्धा इतके चांगले, की आप्पांना बाहेर बसवून मगच बोलायचे.

"शेवटपर्यंत त्यांना कळू दिलं नाही आम्ही," ती म्हणाली. इतकं स्वच्छ डच तिच्या तोंडून आजवर कधी निघालं नव्हतं.

योस्टचं पेन थांबलं. तिला वाटलं, भारावला.

"आणि त्यांना काय हवं होतं?" त्याने विचारलं.

"कशाबद्दल?"

"त्या पाच महिन्यांबद्दल."

"आम्ही सगळे जवळ होतो," वसुधा म्हणाली. हे उत्तर नव्हे, हे तिलाही कळलं. म्हणून तिने जोडलं, की त्यांना त्रास नको म्हणून घरच्यांनी तसं ठरवलं.

मार्लूस पुढे झुकली. वाईट बातमी सांगण्यासाठी राखून ठेवलेला आवाज असतो, तसा आवाज. "पण तेही घरचेच होते ना?"

पुढे बरंच काही बोलणं झालं. शिफ्ट, सायकल येते का, रक्ताची भीती... वसुधा उत्तरं देत होती. चांगली देत असावी. शेवटी दोघांनी तिच्याशी हात मिळवले आणि ती दोन्ही फायली न उघडता बाहेर आली.

मेट्रोत खिडकीशी जागा मिळाली. बाहेर डीमनकडे जाणारं सपाट, ओलं हिरवं — चढ नाही, उतार नाही, कुठे लपायला आडोसा नाही. या लोकांना लपवालपवी कशी जमावी! आधी तिला राग आला. यांना काय कळतंय. यांच्याकडे माणसाला तोंडावर सांगतात, महिने मोजून देतात, आणि मग तो एकटा घरी जाऊन कुंड्यांना पाणी घालतो. आम्ही निदान... आम्ही निदान काय? वाक्य पुढे जाईना. त्याऐवजी फाटक आलं.

सांगलीच्या हॉस्पिटलचं फाटक. त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाटी, त्यात 'कॅन्सर' हा शब्द रिक्षाएवढा. पहिल्या दिवशी भावजींनी गाडी मागच्या बाजूने, धोब्याच्या वाटेने घातली होती. पण दुसऱ्या खेपेपासून ती वाट खणून ठेवलेली, मग समोरूनच जावं लागायचं, आणि आपण सगळे श्वास धरून बसायचो. आणि वळण आलं की आप्पा डोळे मिटून घ्यायचे. थकलेत, असं आम्ही म्हणायचो. नशीब बाई, डोळा लागला, असं मी स्वतः म्हणाले होते. दर वेळी, त्याच वळणावर. भेळेचा कागद न सोडणारा माणूस.

संध्याकाळी उशाला टेकून ते विचारायचे, "काय रवींद्र, आपला अल्सर काय म्हणतो?" आणि सगळे हसायचे, भावजी जरा जास्तच. अळणी पेजेला ते छान म्हणायचे. आणि एकदा ती त्यांची नखं काढत होती तेव्हा...

"वसुधा, परतीचं तिकीट कधीचं आहे तुझं?"

"अजून काढलं नाही आप्पा."

"घाई नको करू. पण फार लांबचंही नको काढू."

तेव्हा ती म्हणाली होती, विमानाच्या तिकिटांचं तसंच असतं आप्पा, उशीर केला की महागतात. ते हो म्हणाले. हात पुढे केलेला तसाच, दुसरं बोट पुढे. म्हणजे पाच महिने कोण कुणाची काळजी... नाही, हा विचार पुरता करायचा नाही. हुकमाचं पान म्हणून खाली टाकलं, आणि ते उलटं पडलं. आता ते उचलताही येईना. मी नखं काढत होते, आणि ते माझ्याकडे असे बघत होते, जसं कविता म्हणून दाखवणाऱ्या पाहुण्यांच्या लहान मुलीकडे बघतात — पाठ केलेलं ती कुठे विसरू नये म्हणून.

घरी यतीन आधीच आलेला होता आणि कुकर धूत होता. कसं झालं, असं त्याने विचारलं. बरं झालं, असं ती म्हणाली. मग काय, होणारच, असं तो पाठ न वळवता म्हणाला. कोट न काढता ती तिथेच उभी राहिली.

"यतीन, आप्पांना माहीत होतं का रे?"

नळ चालू होता. त्याने तो बंद केला नाही.

"काय?"

"सगळं."

"माहीत असतं तर बोलले असते की," तो म्हणाला. आणि घासून झालेला कुकर त्याने पुन्हा घासायला घेतला.

ती त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. त्या जिन्यात हाही होता, भावजींच्या मागे, एक पायरी वर. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं. मग वाटलं, तेसुद्धा त्याला न विचारताच... हात खिशात राहिला. मार्लूसने नापास करावं. सकाळपासून पास व्हायचं होतं, आता कुणीतरी लाल पेनाने लिहून द्यावं, की तुम्ही त्या माणसाला विचारलं नाही. निदान तेवढं तरी कुठेतरी लिहिलं जावं. मी सही करते खाली.

खिशात फोन थरथरला. ईमेल कॉलेजचा होता. भेटीबद्दल आभार, अर्जदाराला स्वतःची ओळख व्हावी एवढ्यासाठीच ही मुलाखत असते, तिला गुण नसतात. यंदा अर्ज जागांपेक्षा जास्त आले असल्यामुळे प्रवेश सोडत काढून दिले जातील.