घोवाच्या बरोबरीन

रस्त्यावर नवऱ्याच्या बरोबरीने चालायचं नाही, दोन पावलं मागे राहायचं, हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. आई तशीच चालायची, सासूबाई तशाच चालतात. त्यामुळे घराबाहेर पडलं की मला आमच्या ह्यांची फक्त पाठ दिसते. तीही लांब लांब जाणारी, कारण हे चालतात ते एसटी चुकत असल्यासारखे.

आमचा जिल्हा वेगळा झाला आणि ह्यांची बदली सावंतवाडीहून मालवणात झाली. तेव्हा मी कितीदा म्हटलं, तुम्ही जिथे लहानाचे मोठे झालात ती मेढ्याची वाडी मला एकदा पायी फिरवून दाखवा, सावकाश.

"थंय काय बघूचा आसा?" पेपरातून डोकं वर नाही.

आणि मे महिन्यात ही सुगंधा आली मुंबईहून. मेढ्यात ह्यांच्या शेजारी राहायची. दोघांचं लग्न ठरता ठरता राहिलं, पत्रिका जुळली नाही म्हणून. सासूबाईंनीच मला सांगितलं, वर "पोरगी बरी हुती" असंही. नोकरी करते, लग्न अजून केलेलं नाही. दारात उभी राहून म्हणाली, "हरी, चल रे, मेढ्यात जावन येवया." हे लगेच चपला घालून तयार! मी उखाण्यापलीकडे ह्यांचं नाव घेतलं नाही कधी, आणि ही बया रस्ताभर हरी, हरी!

"मी पण येतंय," मी म्हटलं. न जाऊन सांगते कुणाला.

तर मेढा मी असा बघितला, दोघांच्या पाठीमागून. चिऱ्यांचे गडगे, त्यांवरून बाहेर आलेल्या जास्वंदी, खळ्यांत वाळत घातलेली कोकमाची सोलं, माडांमधून मध्येच दिसणारा समुद्र. वाडी इतकी देखणी की माझा आणखीच तिळपापड झाला. हे एकेका दारापाशी थांबत होते. ह्या विहिरीत कोण पडला, त्या झाडाच्या कैऱ्या कुणी चोरल्या. कुस्तोदियोच्या बेकरीतून गरम पाव घेतला, मोडला आणि अर्धा तिला दिला. मग आठवण झाल्यासारखं मागे वळून मला, "तुका व्हयो?"

"नको. माका भूक नाय."

आणि हळू तरी किती चालावं माणसाने! दोन पावलांचं अंतर राखायला मला मध्ये मध्ये उभंच राहावं लागत होतं. माझ्यासाठी मेली कधी ही चाल निघाली नाही.

वाडीच्या टोकाला मथुराकाकी ओट्यावर बसली होती. लहानपणी ह्यांना गुळाचं खाजं द्यायची ती. आता मोतीबिंदूने तिला नुसत्या सावल्या दिसतात.

"कोण तां?"

"मी हरी, काकी."

"मेल्या, इतक्या वर्सांनी इलंस! बरोबर ही भैण, आणि पाठसून इली ती तुझी बायल. होय मां?"

हे गडबडले. "भैण न्हय गो काकी, ही शेजारची सुगंधा. बायल पाठलीच."

"तुका कसा कळला, काकी?" सुगंधाने विचारलं.

"डोळे गेले म्हणान काय अक्कल गेली? भैण बरोबरीन चलता. घोवाच्या बरोबरीन खंयची बायल चलता?"

म्हातारीच्या तोंडात साखर पडो! मी तिच्या दोनदा पाया पडले. हेही हसले. सुगंधा हसली नाही. उरलेला पाव तिने काकीच्या कोंबड्यांना घातला.

परत निघालो. आता मी ऐटीत मागे. थोडं गेल्यावर सुगंधा चपलेचा पट्टा नीट करायला थांबली. हे बोलत बोलत पुढे गेले. पट्टा नीट झाला, पण ती ह्यांच्याजवळ गेली नाही. माझ्या शेजारी आली आणि मान खाली घालून माझ्यासारखीच, ह्यांच्या दोन पावलं मागे, चालू लागली. हे पुढून कुणाच्या तरी घराची गजाल सांगत होते. तिने मान वर केली आणि ह्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मी तिचं तोंड बघितलं. आई गे! तिचं अजून संपलं नव्हतं.

सकाळपासून जिला ह्यांच्या शेजारून ओढून काढावंसं वाटत होतं, तिचा मी दंड धरला, भराभर पुढे नेली आणि ह्यांच्या शेजारी उभी केली.

"तू हंय चल गो, ह्यांच्या बरोबरीन," मी म्हटलं. "पाठसून माका एकटीक बरा पडता."