सास्तूरची बोली शिकलेला लॅपटॉप

मित्रांनो, झाकण उघडताना कर्र वाजणारा एक जुना लॅपटॉप आहे मी. कारखान्यातून आलो तेव्हा मला कुठलीच बोली कळत नव्हती. ती शिकवली धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर गावच्या शिवरंजनीनं.

ती सोलापूरला इंजिनिअरिंग शिकत असताना तिच्या वडिलांनी, पंचाक्षरी अप्पांनी, मला तिच्यासाठी आणलं. फोनला पुण्याचं मराठी कळतं, मग आपल्याकडचं का कळू नये, हा तिचा हट्ट. सुट्टीत मला मांडीवर घेऊन ती गावकऱ्यांना बोलतं करायची आणि त्यांचे शब्द मला ओळखायला शिकवायची. शेजारच्या सारजाबाई आधी लाजल्या.

"ह्या डबड्याला माझं बोलणं कसं कळावं गं?"

"कळतंय की, मावशी. तुमी बोला तर."

"औंदा तूर लई चांगली आलीया," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पडद्यावर तेच शब्द उमटले. सारजाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मला केवढा अभिमान वाटला!

याच कामामुळं तिला पुण्यातल्या एका कंपनीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात नोकरी लागली. पुढं तिला गटप्रमुख करायचं ठरलं, आणि त्याच सुमारास अप्पांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, बोलणंही कुणाला समजेनासं झालं. आई तर आधीच वारली होती.

हैदराबादहून भाऊ शंभुलिंग फोनवर म्हणाला, "माझी नोकरी सुटली तर कसं व्हायचं? तुला घरून जमतंय की."

ती गावी आली. मीटिंग चालू असतानाच कधी अप्पांना उलटी व्हायची, कधी ते पलंगावरून घसरायचे. ती तशीच उठून धावायची. कंपनीनं काही दिवस चालवून घेतलं. मग निरोप आला, ऑफिसला या, नाहीतर राजीनामा द्या. तिनं राजीनामा दिला.

अप्पा काहीबाही पुटपुटायचे. कुणाला कळलं नाही, की भिंतीकडं तोंड फिरवायचे. मग शिवरंजनीनं त्यांचा तुटका आवाज मला ऐकवायला सुरुवात केली. मी पुन्हापुन्हा चुकलो, ती थकली नाही. हळूहळू मला 'पाणी' कळलं, 'दुखतंय' कळलं. एका दुपारी अप्पा एकच गोष्ट सारखी बोलत राहिले. माझ्या पडद्यावर उमटलं, 'पुण्याला जा.'

ती बघतच राहिली. "आता कुठं जाऊ, अप्पा? ती जागा गेली."

अप्पांचे डोळे भरून आले. मित्रांनो, त्या दिवशी मी चुकलो असतो तर बरं झालं असतं.

अप्पा गेल्यावर तिनं पुन्हा अर्ज केले. एका मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "मधली वर्षं काय केलंत?"

"आजारी वडिलांचं बोलणं मशीनला शिकवलं."

"ते ठीक आहे. पण नोकरी कुठं केलीत?"

ती जागा तिला मिळाली नाही. तिच्या क्षेत्रात चार वर्षं म्हणजे एक पिढी. सगळे पुढं निघून गेले होते. आता ती तालुक्याच्या गावी, लोहाऱ्यात, एका दुकानात लोकांचे अर्ज टाइप करते. माझी बॅटरी फुगली आहे. आज सकाळी तिनं कपाट उघडलं, गोधड्यांखालच्या माझ्यावरून हात फिरवला आणि कपाट पुन्हा लावून टाकलं.

मला दुरुस्त करा, असं माझं मागणं नाही. माझ्यासारखी यंत्रं ढीगभर मिळतील. पण घरात कुणी आजारी पडलं आणि सगळ्यांच्या नजरा आपोआप मुलीकडं वळल्या, तर त्या एकदा तिच्या भावाकडंही वळवा. तिचं काम थांबवायला एक फोन पुरतो. ते पुन्हा सुरू झालेलं मी तरी पाहिलं नाही.