पाऱ्याला काय झालंय

झोपलेल्या मांजराचा श्वास दारातूनच मोजावा. जवळ गेलं की ते जागं होतं आणि आकडा बिघडतो. छातीचं एक वर-खाली म्हणजे एक श्वास; तीस सेकंद मोजून दुप्पट करायचं. निरोगी मांजराचा आकडा तिसाच्या आत राहतो. सहा जानेवारीला सकाळी पाऱ्याचा आकडा बेचाळीस आला. मी पुन्हा मोजलं. चव्वेचाळीस.

पारा हा राखाडी बोका. हनुवटी आणि छाती पांढरी, वय अंदाजे तीन. मुळात तो माझा नव्हे. सदर बाजारातल्या या दोन खोल्या मी आणि राजनंदिनीनं मिळून भाड्यानं घेतल्या होत्या. ऑगस्टमध्ये तिला पुण्यात नोकरी लागली. "महिन्याभरात येऊन नेते त्याला," म्हणाली आणि गेली. आता तिला पाऱ्याचा फोटो पाठवला की दोन दिवसांनी एक लाल बदाम येतो.

मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. तिथं दिवसभर माणसांचं रक्त हाताळते, माणसं भेटत नाहीत. बोलणं होतं ते नळ्यांवरच्या नंबरांबद्दल. संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत मी ज्याच्याशी बोलते असा जीव एकच, आणि त्या सकाळी त्याच्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या.

जनावरांचे डॉक्टर उदयसिंह यांनी त्याला टेबलावर आडवं केलं, पोट दाबलं, पापणी उलटून पाहिली.

"म्हैस असती तर लांबूनच सांगितलं असतं," ते म्हणाले. "मांजर म्हंजे लई आतल्या गाठीचं जनावर. काय घालता खायला?"

"सुकं खाद्य. सकाळी तीस ग्रॅम, संध्याकाळी तीस ग्रॅम. मोजून."

"तुम्ही मोजून घालता ओ. ते मोजून खातंय का?"

मला तो विनोद वाटला. त्यांनी पिसवांमुळं होणाऱ्या रक्ताच्या आजारावर तीन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि ताकदीचं एक औषध लिहून दिलं. मी घरी येऊन दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवला: तारीख, वार, श्वास, हिरड्यांचा रंग, लघवीचा रंग, खाल्लेले ग्रॅम.

शिरोळहून अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं.

"मांजराचा तक्ता?" अण्णा म्हणाले. "हितं मांजरं गवत खात्यात आन् आपोआप बरी हुत्यात."

"आणि जी होत नाहीत ती?"

"ती परत आपल्याला कुठं दिसत्यात."

अण्णांना माहीत नाही, पण एका वाक्यात त्यांनी संख्याशास्त्राचा अख्खा धडा सांगितला होता. मी हसले. फोन ठेवल्यावर खोलीत पाऱ्याच्या श्वासाचा आवाज येत होता, जो यायला नको होता.

पहिल्या दोन आठवड्यांत तक्त्याला एक लय होती. सोमवारपासून श्वास चढायचा, बुधवार-गुरुवारी सगळ्यात वर जायचा, शनिवारपर्यंत उतरायचा. लघवी त्याच दिवसांत काळ्या चहासारखी व्हायची. हे मला खटकलं. जंतूंना वार कळत नाहीत. पण तिसऱ्या आठवड्यात उतार येईनासाच झाला. नुसता चढ. पारा कपाटावर उडी मारायचा तो आता खुर्चीवरही चढेना. मागच्या भिंतीवरून मात्र रोज कसाबसा बाहेर जाई. मी अडवलं की दाराशी बसून इतकं ओरडे, की मी सोडून देई.

सत्तावीस तारखेला डॉक्टर उदयसिंहांना सांगून मी त्याचं रक्त काढून घेतलं आणि लॅबमध्ये नेलं. आमचं यंत्र माणसांच्या पेशींसाठी बसवलेलं. मांजराच्या पेशी लहान असतात, त्यामुळं यंत्राच्या आकड्यावर विश्वास नव्हता. मी बारीक नळी भरून, गरगर फिरवून पेशी तळाला बसवल्या आणि हातानं मोजलं. रक्तात लाल पेशींचा भाग शंभरात तीसच्या वर हवा. सोळा होता.

मग निळा रंग घालून काचपट्टी केली. लाल पेशींच्या कडेला एकेक गडद ठिपका दिसला, जणू कुणी प्रत्येक पेशीला तीट लावली होती. हे ठिपके म्हणजे बिघडून गोळा झालेलं हिमोग्लोबिन. अशी पेशी टिकत नाही, फुटते. निरोगी मांजरातही थोडे ठिपके सापडतात. मी शंभर पेशी मोजल्या. बहात्तर पेशींवर तीट.

म्हणजे जंतू नव्हे. विष. कोणतं, याची यादी लहान होती: तापाची गोळी, डांबरगोळ्या, कांदा, लसूण.

तापाच्या गोळ्या माझ्याकडं नव्हत्या. राजनंदिनीच्या कपाटात दोन डांबरगोळ्या निघाल्या. मला इतका आनंद झाला की त्या फेकण्याआधी मी फोटो काढला आणि तिला पाठवला: "तुझ्यामुळं!" दोन दिवसांनी लाल बदाम आला. तोवर पाऱ्याचा श्वास पन्नासवर गेला होता. राहिला कांदा. मी डब्याचं जेवते आणि डबा लगेच धुते. कांदा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं चिरलेल्या फोडी येत होत्या, आणि कोणतं मांजर फोडी खातं? मी कांद्यावर काट मारली. ही माझी चूक.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचं तोंड कापसानं पुसताना पांढऱ्या हनुवटीवर पिवळा डाग दिसला. कावीळ असेल म्हणून मी कान पाहिले, डोळे पाहिले. पिवळेपणा फक्त हनुवटीच्या केसांवर. कापसाला थोडा साबण लावला. डाग लाल झाला.

हळद. माझ्या घरात हळद नाही.

रविवारी मी चौदा महिन्यांत पहिल्यांदा रजा घेतली. साडेदहाच्या सुमारास पारा मागच्या भिंतीवर चढला. दोनदा थांबून, धापा टाकत. मग पलीकडं उतरला. मी बोळातून वळसा घालून गेले.

पलीकडं लालबी चाची राहते. साठी उलटलेली, एकटी. साड्यांना फॉल-पिको करून देते. चौदा महिन्यांत आमचं बोलणं झालं होतं ते एवढंच: "पाणी आलंय गं," आणि माझं "हो, चाची."

तिचं मागचं दार उघडं होतं. आतून तिचा आवाज आला.

"आलासा पावणं? दम धरा, गार होऊ द्या. तोंड भाजलं म्हंजे मला शिव्या घालशीला."

पारा चुलीशेजारी बसला होता, शेपटी पायांभोवती गुंडाळून, घरच्यासारखा. चाची पितळी वाटीत फुंकर मारत होती.

"चाची, थांबा. नका देऊ."

तिनं वर पाहिलं. "अगं, तू? ये की आत. भूत बघितल्यागत काय करतीस?"

"तो माझा आहे. मांजर."

"तुझं व्हय? आन् मी म्हणते, कुणी टाकून दिलंय." ती हसली. "लई वाळलंय बघ तुझ्याकडं. उपाशी ठेवतीस का काय? आधी मी ऐतवारीच घालत होते. मग म्हटलं ह्याच्यात जीव न्हाय राहिला, म्हणून आता बुधवारी, शुक्रवारी बी घालते. अळणी हाय. ताकद येती."

तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेलं मटणाचं पाणी म्हणजे अळणी. आमच्याकडं ते आजाऱ्याला पाजतात, बाळंतिणीला पाजतात, पोरांना पाजतात. मलाही पाजलं आहे. तिसऱ्या आठवड्यात तक्त्यातला उतार का नाहीसा झाला, ते मला तिच्या दारात उभ्या उभ्या कळलं.

"त्यात कांदा असतो ना?"

"असतो की. चार कांदे, लसणाचा गड्डा, आलं, हळद. कांद्याबिगर काय चव?"

मी सांगितलं. साबणानं लाल झालेल्या हनुवटीवरच्या डागापासून सगळं, शक्य तितकं सोपं करून: कांदा आणि लसूण शिजून पाण्यात उतरतो, मांजराचं रक्त त्यानं फुटतं, थोडं थोडं साठत जातं. तिनं वाटी ओट्यावर ठेवली. मग उचलून मोरीत ओतली. पारा उठून मोरीकडं गेला तसं तिनं त्याला पायानं मागं सारलं आणि बादलीभर पाणी ओतलं.

"मी घालत होते," ती म्हणाली. "जितकं वाळायचं तितकं घालत होते."

"तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही जवळजवळ चार आठवडे कळलं नाही."

"आमचे हे दोन वर्षांमागं गेले, तवापास्नं मी मटण आणतच न्हवते. एकटीसाठी पावशेर मागायचं म्हंजे खाटकाच्या दुकानात लाज वाटायची. दिवाळीच्या टायमाला हे येऊन बसलं दारात, मग परत आणाय लागले." तिनं रिकामी वाटी पालथी घातली. "ह्यांना बी शेवटी अळणीच जायची. सहा महिने. दुसरं काय तोंडात घेत न्हवते. कांद्यानं माणसाला बी..."

"नाही, चाची. माणसाला कांद्यानं काही होत नाही. मांजराचं रक्त वेगळं."

हे शंभर टक्के खरं होतं. मी ते जोरात आणि लगेच म्हणाले. उचललेला पारा माझ्या हातात एखाद्या ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता.

त्यानंतर मी त्याला पंधरा दिवस कोंडून ठेवलं. चौथ्या दिवसापासून श्वास उतरू लागला. अठ्ठेचाळीस, चाळीस, चौतीस. मधल्या एका रविवारी मी बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी घेऊन चाचीकडं गेले. म्हटलं, हे तुमच्याकडून द्या त्याला, हे चालतं. तिनं डबा हातात घेतला नाही.

"माझ्या हातचं नको आता त्याला," ती म्हणाली, आणि साडी मशीनखाली सरकवली.

पंधरा फेब्रुवारीला लाल पेशींचा भाग एकोणतीसवर आला. काचपट्टीवर शंभरात आठच ठिपके. लॅबमध्ये हे सांगण्यासारखं कुणी नव्हतं. मी दुपारी घरी आले, पाऱ्याला उचललं, आणि आकड्यांचा कागद घेऊन चाचीच्या दारात गेले.

"बरा झाला, चाची."

"जगला न्हवं? झालं तर." तिनं कागदाकडं पाहिलंही नाही. मशीन थांबवलं. "एक इचारू?"

"विचारा की."

"ह्यांच्या किडन्या गेलत्या. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. डॉक्टर म्हणायचा, पाणी मोजून द्या, मीठ नको, सूप-बिप नको. मी अळणी मोजून न्हाय दिली कधी. मागतील तेवढी दिली. मीठ घालून. त्यानं झालं का?"

असे रिपोर्ट माझ्या हातून रोज जातात. मूत्रपिंड बंद असलं की मीठ, पाणी, पोटॅशियम रक्तातच राहतं, आणि एक दिवस हृदय थांबतं. त्यात अळणीचा वाटा किती? दोन वर्षांपूर्वीचा एक माणूस, नमुना नाही, नोंद नाही, तुलना करायला काही नाही.

"ते आता सांगता येत नाही, चाची."

"मांजराचं सांगितलंस की. साबण लावून हळद हुडकून काढलीस."

"मांजर जिवंत होतं."

वाक्य चुकीचं नव्हतं. बंद करून पाहायला, थांबून मोजायला समोर कुणीतरी लागतं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण ते तिच्या खोलीत पडलं तेव्हा त्याचा तेवढाच अर्थ राहिला नाही.

"व्हय," चाची म्हणाली. "त्ये बी खरंच."

पाऱ्यानं माझ्या हातातून अंग सोडवून घेतलं, खाली उतरला आणि सरळ चुलीकडं गेला. चूल थंड होती. तरी तो तिथं बसला. चाची त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. मी त्याला उचलायला पुढं झाले, तशी ती उठली.

"पाणी तरी चालतंय न्हवं त्याला?"

"चालतं."

"किती?"

"लागेल तेवढं."

तिनं माठातलं पाणी वाटीत घेतलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि शेजारी जमिनीवर बसली. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. पारा सावकाश पीत होता. तो पिऊन झाल्यावर उठेल म्हणून मी उंबऱ्यापाशी थांबले. तो उठला नाही. मग मी कागदाची घडी घातली आणि घरी आले.