क्रियापद येईपर्यंत

रायपुरातील शब्दसेवा मंडळाच्या इमारतीत वातानुकूलन यंत्र एकच होते, आणि ते वाचनकक्षात होते. एरवी ही गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नसे. पण मे महिन्यात ऊन डोक्यावर आले की समता कॉलनीतल्या कितीतरी मराठी कुटुंबांत अकस्मात वाचनाची गोडी उत्पन्न होई.

वासुदेवराव देवपुजारी यांची गोडी मात्र बारमाही होती. भाषांतर खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, जुन्या गद्याचे खंड उघडत आणि छापखान्याच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करीत. घरी कुणी वाद घालायला उरले नव्हते. येथे निदान मुद्रितशोधकांशी तरी घालता येई. कीर्तनाचा प्रसाद जसा शेवटी, तसे मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी. मध्येच उठून जाणाऱ्याला तो मिळू नये हेच न्याय्य, असा त्यांचा सिद्धांत होता.

या खुर्चीवर गदा आली ती पाच सर्व्हरांमुळे. तेलीबांध्यातले आपले कार्यालय बंद करताना एका सभासदाने तेथले हे सर्व्हर मंडळाला दान केले. वधूवर-सूचक केंद्र, वसतिगृह आणि ग्रंथसूची यांचा कारभार त्यांच्यावर चढला. ते पाचही जण व्हरांड्यालगतच्या खोलीत घुमत असत, आणि प्रत्येक जण आपले रडगाणे आपल्याच पोटात लिहून ठेवी. अध्यक्ष मारोतराव ढोक, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, यांनी त्यावर उपाय विचारला तेव्हा सोनिया ढाकुलकर या अभियंता तरुणीने एक नोंद ठेवणारी प्रणाली बसवून दिली. पाचही सर्व्हरांचे संदेश ती एका जागी आणी, प्रत्येकावर वेळेचा शिक्का मारी, गांभीर्याच्या आठ पायऱ्यांपैकी एक पायरी नेमून देई, चाळी, निवडी आणि नको ते टाकून देई.

"केवढ्याले पडली?" मारोतरावांनी विचारले.

"फुकट आहे काका. मुक्तस्रोत. कोणी भी खोलून पाहू शकते आत काय आहे ते."

"अन् कोणाले आवडलं नाही तं?"

"तं बदलून टाकायचं."

मारोतराव थक्क झाले. आपल्या हयातीत त्यांनी इतकी शिस्त केवळ मालगाडीत पाहिली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फर्मान काढले : यंत्रे जर वेळ, नाव आणि गांभीर्य सांगून बोलतात, तर माणसांनी काहून बोलू नये? यापुढे मंडळात ज्याला जे म्हणायचे असेल ते त्याने मोबाइलवरून लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या या नोंदवहीत, पाठवावे. सभेत विचार होईल तो लॉगचाच. तोंडी शब्द अग्राह्य.

आणि पहिलीच सूचना त्यांनी स्वतः नोंदवली : सर्व्हर तापून राहिले, सबब वाचनकक्ष त्यांना द्यावा. हरकती रविवारच्या सभेपर्यंत.

वासुदेवरावांनी हरकत लिहिली. ती एका वाक्यात होती, कारण विचार एकच होता. त्यांनी ती पाठवली आणि समाधानाने लॉग उघडला. तेथे होते ते असे :

"वासुदेव : सर्व्हर ही यंत्रे असली तरी उष्म्याने त्यांनाही क्लेश होतात, आणि मंडळाची सारी माहिती त्यांच्याच उदरात साठलेली असल्यामुळे त्यांची काळजी वाहणे हे आपणां सर्वांचे कर्तव्य ठरते, ही गोष्ट निर्विवाद असल्याने वाचनकक्ष तत्काळ रिकामा करून तो कायमचा सर्व्हरांच्या स्वाधीन करावा"

एवढेच. त्यापुढचे "असे जे प्रतिपादन केले जात आहे ते मला यत्किंचितही मान्य नाही" कोठेही नव्हते.

मारोतरावांचा फोन आला. "वासुदेवराव, तुमचं मन एवढं मोठं असन असं वाटलं नव्हतं बा! 'कायमचा' तं मीही नव्हतं म्हटलं."

वासुदेवराव तडक सोनियाकडे गेले.

"संदेशाला मर्यादा आहे काका," ती म्हणाली. "सातशे वीस बाइट. इंग्रजी अक्षर एक बाइट खाते, देवनागरी तीन. मात्रा, वेलांटी वेगळी."

"म्हणजे 'की' या एका अक्षराचे सहा?"

"हव."

"आणि इंग्रजांच्या 'नो'चे?"

"दो."

"तरीच त्यांना नकार इतका स्वस्त पडतो!" वासुदेवराव उद्गारले. "ही मर्यादा वाढवता येत नाही?"

"येते ना. एका ओळीचं काम आहे. सॉफ्टवेअरची ना नाही, अध्यक्षकाकांची आहे. परवानगी दिली की कवी लोक खंडकाव्य पाठवतात म्हणते."

कवींच्या बाबतीत वासुदेवरावांचा मारोतरावांशी मतभेद नव्हता. त्यांनी दोन दिवस स्वतःशी झगडा केला आणि अखेर, जन्मात प्रथमच, नकार वाक्याच्या आरंभी घातला : "नाही मान्य मज देणे वाचनकक्ष यंत्रांस." लिहिताना त्यांना उघड्या अंगाने लग्नाला निघाल्यासारखे वाटले. पण वाक्य आखूड होते आणि नकार शाबूत होता.

लॉगमध्ये ते उमटलेच नाही. त्याऐवजी मंडळाच्या वार्षिकांकाच्या संपादक गोदावरीबाई यांचा फोन आला.

"पहिल्यांदाच लिहिता का हो? वृत्त जरा डगमगतंय, पण वेदना अस्सल आहे. 'मज' तर काळजाला भिडला."

चौकशीअंती कळले की प्रणालीला मजकूर वाचून वाट लावता येते. 'मज', 'तुज', 'सखे' असा एखादा शब्द दिसला किंवा वाक्य 'नाही', 'आहे'ने सुरू झाले, की ते काव्य समजून परस्पर वार्षिकांकाच्या फाइलीत टाकावे, असा नियम सोनियाने करून ठेवला होता.

"नियम चांगला आहे," वासुदेवराव म्हणाले, "परंतु त्याने एका गद्यकाराची बेअब्रू झाली."

शनिवारी त्यांनी मूळ वाक्याचे तुकडे पाडले आणि एकामागून एक पाठवले. प्रणालीला वाटले, एखादे यंत्र बिघडून बरळत आहे. एकाच ठिकाणाहून लोंढा आला की तो अडवण्याची तिची रीत होती. लॉगमध्ये एकच ओळ उरली : "वासुदेव : अतिरेकामुळे संदेश टाकून दिले."

"अतिरेक तं तुमी जन्मभर करून राहिले," मारोतराव फोनवर म्हणाले, "पण आता मशीननंही लिहून देल्लं."

रविवारी सभेआधी वासुदेवराव पुन्हा सोनियापुढे उभे राहिले. "मला केवळ एवढे सांग, असा कोणता संदेश आहे जो कुणालाही टाकून देता येत नाही?"

ती घुटमळली. "शून्य पायरीचा. सबसे ऊपर. तो सगळ्यांच्या मोबाइलवर जातो, फिल्टर लागत नाही. पण काका, तो ऐसे-वैसे नाही पाठवायचा. त्याचा अर्थ पक्का आहे : यंत्रणा निरुपयोगी झाली आहे."

"खोटे मी लिहिणार नाही," वासुदेवराव म्हणाले, आणि विचार करीत सभागृहात जाऊन बसले.

सभा स्मशानशांततेत चालली होती. सारे सभासद मान खाली घालून मोबाइल न्याहाळीत होते आणि आमंत्रणपत्रिकांनी वारा घेत होते. मारोतराव भिंतीवरच्या पडद्यावरचा लॉग वाचत होते. "सूचना क्रमांक एक. वासुदेवरावांचा पाठिंबा, कायमचा. हरकत कोणाचीच नाही. तं मंग..."

वासुदेवरावांनी व्याख्या पुन्हा तपासली. जी यंत्रणा होकार ऐकते आणि नकार येण्यापूर्वी कान मिटते, जी गद्याला पद्य आणि विवेचनाला बरळणे समजते, ती उपयोगी म्हणता येईल काय? त्यांनी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला. प्रतिपक्ष हरला. त्यांनी शून्य ही पायरी निवडली आणि लिहिले : "यंत्रणा निरुपयोगी झाली आहे."

सभागृहातले सगळे मोबाइल एकदम किंचाळले. कुणीतरी खुर्चीवर चढले. पाठोपाठ शेजारच्या खोलीतली घुमघुम मंदावली, थांबली. भिंतीवरचा लॉग काळा पडला.

"हे काय झालं बे?" मारोतराव ओरडले.

"शून्य आला की सर्व्हर अपने आप बंद होतात," सोनिया म्हणाली. "उन्हानं जळू नये म्हणून मीच तसं करून ठेवलं होतं."

"कोणं पाठवला?"

"मी," वासुदेवराव उठून म्हणाले. "व्याख्येस धरून."

सभा त्यांच्याकडे पाहू लागली. तोंडाने बोलायचे कसे, हे साऱ्यांनाच नव्याने आठवावे लागत होते.

"बोला मंग," मारोतराव कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "आता लॉग नाही तं तोंडानं बोला. पण लवकर."

वासुदेवरावांना कळत होते की एक 'नको' पुरेसा आहे. तो ओठांवर आलाही. पण त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "सर्व्हर ही यंत्रे असली तरी उष्म्याने त्यांनाही क्लेश होतात, आणि..."

ते सावकाश बोलत गेले. 'स्वाधीन करावा'पाशी त्यांनी श्वास घेतला, तोच निम्म्या सभेचे हात वर गेले.

"झालं तं! मंजूर!" मारोतरावांनी टेबलावर थाप मारली.

"रुकिए ना काका," सोनिया मध्येच म्हणाली. "वाक्य संपलं नाही त्यांचं. क्रियापद अभी आया नहीं."

हात वरच राहिले. मारोतरावांचा तळवा टेबलावर तसाच थांबला. वासुदेवरावांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि पुढे चालू केले, "...असे जे प्रतिपादन केले जात आहे ते मला यत्किंचितही मान्य नाही."

एकेक हात खाली आला.

"म्हंजे तुमची ना होती?" मारोतराव हतबुद्ध होऊन म्हणाले. "सुरुवातीपासून?"

"शेवटापासून."

"मंग सर्व्हर कुठं ठेवू? माह्या डोक्यावर?"

मारोतराव बंद खोलीकडे पाहत राहिले. मग त्यांनी सभेला विचारले, "आता बंद हायेत ते. कोणाचं काही अडलं काय?"

उन्हाळ्यात वसतिगृह रिकामे होते. स्थळे लोक तोंडीच सुचवीत. एका कवीने आपले खंडकाव्य सुरक्षित आहे काय, अशी पृच्छा केली. तिच्याकडे दुर्लक्ष झाले.

"तं शाळेच्या पोट्ट्याइले सुट्टी देतो, तशी याइलेही देऊ," मारोतराव म्हणाले. "शाळा उघडन तेव्हा सर्व्हर उघडन. वाचनकक्ष जिथल्या तिथं. वासुदेवराव, ठराव लिहा."

"किती अक्षरांत?"

"मशीन बंद हाय. लिहा कितीही."

वासुदेवरावांनी कोऱ्या कागदांची चळत पुढे ओढली, टोपण काढले आणि 'ज्याअर्थी'पासून प्रारंभ केला.