डाव्या बाहीची घडी

बाहीची घडी दीड बोट रुंद होती. काठ सरळ, आतली शिवण बाहेरच्या शिवणीवर अचूक बसलेली, आणि घडी डाव्या हाताची होती. काल संध्याकाळी धाकटीने दुकानाच्या काचेत पुतळी सजवली, तेव्हा दोन्ही बाह्या मनगटापर्यंत खाली होत्या. याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, कारण कालचं गालबोट बाहीवर नव्हतंच. ते गळ्याशी होतं: दुसरं बटण मुद्दाम तिसऱ्या काजात. आता ते आपल्या जागी, दुसऱ्या काजात लावलेलं होतं.

दुकान ताईचं. धाकटी तिची सख्खी बहीण. मागच्या खोलीत मशिनीवर बसणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्याला दोघी मास्तर म्हणत. एवढ्या तिघांवर सगळा कारभार चाले. कपडे अगदी साधे. पांढरा, राखी आणि काळा, यांपलीकडे चौथा रंग ताईने कधी दारात उभा केला नाही. नक्षी नाही, झालर नाही. पण साधं म्हणजे मेलेलं नव्हे, हे ती पक्कं ओळखून होती.

"साध्या कपड्यावरून नजर घसरते," ती म्हणायची. "तिला अडकायला एक खुंटी लागते. एकच."

म्हणून प्रत्येक पोशाखात एक गोष्ट जाणूनबुजून बिघडवायची. शर्टाचं एकच टोक बाहेर काढायचं, खरखरीत लोकरीशेजारी एखादी गुळगुळीत पट्टी ठेवायची, नाहीतर सरळ कोटाखाली मापाने थोडी मोठी पँट घालायची. या बिघाडाला दोघी गालबोट म्हणत. दोन लागली की तमाशा, एकही नसलं की मुडदा. डोकं ताईचं, हात धाकटीचा. रस्त्याने जाणारी माणसं काचेपाशी थबकत, ती त्या हातामुळे.

धाकटीच्या स्वतःच्या अंगावर मात्र गालबोट नसे. राखी शर्ट, काळी पँट, सगळी बटणं आपापल्या घरात. एकदा तिने सहज बाही दुमडली, तर ताई हसून म्हणाली होती, "तुला कशाला गं? तुझ्याकडे कोण बघतंय!" बोलण्यात दुष्टावा नव्हता. ताईच्या बोलण्यात तो कधीच नसे, आणि म्हणूनच तिला उत्तर देता येत नसे.

"मास्तर, काचेत तुम्ही गेला होतात?"

"मी?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "या गुडघ्यांनी? त्या काचेच्या खोक्यात शिरायचं म्हणजे मला आधी उसवावं लागेल."

"मग बाही कोणी दुमडली?"

"बाईसाहेबांनीच दुमडली असेल." ते पुतळीला बाईसाहेब म्हणत. "उभं राहून राहून कंटाळल्या बिचाऱ्या. आपल्याला निदान बसायला मशीन तरी आहे."

ताईला विचारलं, तर तिने कानांवर हात ठेवले. वर म्हणाली, "पण छान दिसतंय. तुझ्या बटणापेक्षा बरं."

खरंच बरं दिसत होतं. धाकटीला तेच खुपलं.

ती पुतळी धाकटीच्याच मापाची होती. दुकान उघडलं तेव्हा ताईने ती मुद्दाम तशी घडवून घेतली, म्हणजे कपडा एकीवर बेतला की दुसरीला बसलाच. खांदे तेच, कंबर तीच, हातांची लांबीही तीच. चेहरा तेवढा नव्हता. मानेवर अंड्यासारखं गुळगुळीत डोकं, आणि हात सुटे होत असल्यामुळे दोन्ही मनगटांवर सांध्याची एक बारीक रेघ.

धाकटीचं एक भिजत घोंगडं होतं. तिची शाळेपासूनची मैत्रीण दूर समुद्राकाठच्या एका शहरात नाटकांचे कपडे शिवायची. तिने धाकटीला बोलावलं होतं. तिथे राजे, भुतं, भिकारी, सगळ्यांना सजवायचं होतं, आणि रंग हवे तितके. "टेबल रिकामं ठेवलंय तुझ्यासाठी," ती फोनवर म्हणाली होती. "पण जन्मभर नाही ठेवता येणार." धाकटीने मनात केव्हाच हो म्हटलं होतं. घोडं अडलं होतं ते ताईला सांगण्यापाशी.

रोज संध्याकाळी ती ठरवून ताईसमोर उभी राही, आणि रोज तोंडातून निघे, "येते गं, ताई."

या घरात निघताना "जाते" म्हणायची सोय नव्हती. तसं कुठल्याच घरात म्हणत नाहीत, पण इथे त्याला कारण होतं. आई दवाखान्यात निघाली, तेव्हा उंबऱ्यात चप्पल चढवताना घाईत "जाते गं पोरींनो" म्हणाली, आणि गेली ती गेलीच. तेव्हापासून ताईने धाकटीला वाढवलं, आणि शाळेत निघालेल्या धाकटीचा हात धरून ती रोज बजावायची, "येते म्हण. म्हटल्याशिवाय सोडणार नाही." धाकटी म्हणायची. मग हात सुटायचा. आता हात धरायची गरजही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी धाकटीने बाही खाली केली आणि पुतळीवर नवं गालबोट लावलं. मग काचेच्या खोक्याच्या मागच्या छोट्या दाराला दुकानाच्या बाजूने कडी घातली, आणि कडीवरून चौकटीपर्यंत एक पांढरा दोरा ताणून मेणाने चिकटवला. सकाळी दोरा जसाच्या तसा होता. आत पुतळीची कॉलर मानेशी उभी केलेली होती, बोचऱ्या वाऱ्यात बाहेर पडणारं माणूस करतं तशी. धाकटीने लावलेलं गालबोट पुसलेलं होतं. म्हणजे जे कोणी हे करत होतं, त्याला नियम ठाऊक होता. एकच. दोन नाहीत.

नंतर अनवाणी पुतळीच्या पायांत बूट आले. नाड्यांची गाठ दुहेरी होती, वरचा फास डावीकडे वळलेला. धाकटीने वाकून आपल्या बुटांकडे पाहिलं. गाठ तीच होती. तिने पुतळीच्या नाड्या सोडल्या तेव्हा बोटं नीट वाकेनात. थंडीने असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

त्याच दुपारी ती काचेत उभी राहून पुतळीचा कोट झटकत होती. क्षणभर हात थांबला. मागे कोणीतरी तिच्या कोपराशी शर्टाचं कापड चिमटीत धरून चोळलं.

"हे पुतळीवरचं राखी दाखवा हो," एका गिऱ्हाईक बाईचा आवाज आला. "मऊ आहे. पण फारच सपक वाटतंय, नाही?"

धाकटीला म्हणायचं होतं, बाई, मी माणूस आहे. मान वळेना. पापणीसुद्धा हलेना. काचेपलीकडे रस्त्यावरून माणसं जात होती. त्यांची नजर तिच्यावर पडायची आणि पाण्यासारखी ओघळून पुतळीवर जाऊन थांबायची.

"अहो, ती बहीण माझी!" ताई खळखळून हसली, आणि त्या हसण्यानेच जणू किल्ली फिरली. धाकटी वळली. बाई किंचाळून दोन पावलं मागे सरली.

"देवा! श्वास तरी घे गं मुली," ती छातीवर हात ठेवून म्हणाली.

बाई गेल्यावरही ताईचं हसू ओसरत नव्हतं. "एवढी स्थिर उभी राहतेस, तर पुतळी काढूनच टाकू या. दुकानातली एक वस्तू कमी होईल."

"हसण्यावारी नेऊ नका," मास्तर आतून म्हणाले. मशीन थांबलं होतं. "पोरीचा रंग बघा. चुन्यासारखा झालाय."

हात धुताना धाकटीला मनगटावर एक बारीक रेघ दिसली. रबराचं कडं घालून काढल्यावर उमटते तशी. कडं तिने घातलं नव्हतं. साबणाने घासूनही रेघ गेली नाही. उलट दुसऱ्या मनगटावरही तशीच सापडली.

मग एका सकाळी पुतळीच्या गळ्यात मफलर होता. त्यानंतरच्या सकाळी खांद्यावर तिरकी पिशवी. पिशवी धाकटीची, मागच्या खोलीतल्या खुंटीवर टांगलेली असायची ती. तिने ती काढून घेतली आणि काचेत तशीच उभी राहिली. आजवर ती एकेक गालबोट वेगवेगळं बघत आली होती. आता तिने पहिल्यांदा त्यांची बेरीज केली. वर केलेली बाही. उभी कॉलर. बांधलेल्या नाड्या. मफलर. पिशवी. यात अवघड असं काही नव्हतं. कोणीतरी रोज थोडं थोडं निघायच्या तयारीला लागलं होतं. माप दोघींचं एकच होतं, आणि काचेत उभं राहायला एक पुरे होती.

त्या संध्याकाळी ती ताईसमोर गेली. सांगायचंच, असं मनाशी पक्कं धरून गेली. ओठ जड झाले होते, लाखेसारखे.

"येते गं, ताई," ती म्हणाली.

"ये," ताई म्हणाली.

सकाळी तिला रस्त्यावरूनच दिसलं. आजही गालबोट एकच होतं. काल तिने काही न बिघडवता घातलेले कपडे तसेच होते, बटणंसुद्धा. फक्त पुतळी वळली होती. रस्त्याकडे पाठ करून ती मागच्या छोट्या दाराकडे तोंड करून उभी होती, आणि एक हात कडीच्या उंचीवर आला होता.

धाकटी आत शिरली. काचेच्या खोक्याशी न थांबता तिने खुंटीवरची पिशवी घेतली आणि तिरकी खांद्यावर टाकली. साधी हालचाल, पण कोपर करकरलं. आरशात राखी शर्ट, काळी पँट, कुठे सुरकुती नाही. तिची स्वतःची नजरसुद्धा त्यावरून घसरली. तिने नेटाने ती परत आणली. उजव्या हाताची ताठरलेली बोटं डाव्या बाहीवर ठेवली, काठ धरला, दुमडला. घडी वाकडी झाली, एका बाजूने जास्त. तिने ती तशीच राहू दिली. बाहीखाली मनगटावरची रेघ उघडी पडली, आणि तिच्यापाशी नस उडताना दिसली.

ताई टेबलाशी वाकून इस्त्री फिरवत होती. वाफेतून तिने वर न बघता विचारलं, "आल्या आल्या कुठे निघालीस? दोरा आणायला?"

"नाही."

"मग?" आता तिने पाहिलं. बाहीवर नजर अडकली. "हे काय? घडी तरी सरळ घालायचीस."

धाकटीने तोंड उघडलं. जिभेवर नेहमीचा शब्द तयारच होता, घासून गुळगुळीत झालेला. "ये..." एवढं बाहेर आलं, आणि मागे कडी हलली. सावकाश, लोखंडावर लोखंड. आतल्या खोलीत मास्तरांचं मशीन थांबलं.

"मास्तर, ते दार बघा हो," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "वारा आहे वाटतं."

"वारा नाही," मास्तर म्हणाले.

कडी पुन्हा हलली. धाकटीने मागे वळून पाहिलं नाही. मान वळली तर ती पुन्हा सरळ होईल, याची आता तिला खात्री नव्हती.

"ताई, मी समुद्राकाठी काम घेतलंय," ती म्हणाली. शब्द एकेक करून सुटत होते, टाका उसवावा तसे. "मी जाते."

ताईच्या हातातली इस्त्री एका जागी थांबली. खाली कापड करपल्याचा वास येऊ लागला. तिने टेबलावरून हात लांब केला आणि धाकटीचं उघडं मनगट पकडलं, अगदी शाळेच्या दिवसांसारखं.

"येते म्हण," ती कुजबुजली. "अगं, येते म्हणावं."

कडी निघाल्याचा आवाज झाला. ताईच्या बोटांखाली नस जोरात उडत होती.

"नाही, ताई," धाकटी म्हणाली. "जाते."